परत आलेली कुर्ली

दादाने चिमट्यात धरलेली बोटभर कुर्ली (खेकडा) टाकीतल्या करवंटीच्या तोंडाशी नेली. आतून ऑक्टोपसच्या मादीचा एक हात बाहेर आला, कुर्लीच्या पाठीवरून सावकाश फिरला, थांबला. मग पाण्याचा झोत सुटला आणि कुर्ली वाळूवरून ढकलली जात थेट पुढच्या काचेपर्यंत आली. सावरली आणि दगडाखाली पळाली. दिवाळीनंतर ही मादी घरी आली तेव्हा कुर्ली पाण्यात पडायच्या आत झेप घ्यायची. शेजारच्या माई सांज्याची वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्याही आमच्याबरोबर वाकून बघत होत्या. अंडी घातल्यापासून ही काही खात नाही, पिल्लं बाहेर पडली की ही जाणार, असं दादाने त्यांना सांगितलं. माईंनी वाटी टेबलावर ठेवली, टाकीपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "आई ती आईच गो. पोटात कण नाही, तरी पोरांना सोडून हलत नाही." वहिनीने मान डोलावली, मीही डोलावली. पण शिरदोणहून पणजीला परतताना गाडी बांबोळीच्या चढावर आली तरी ते वाक्य टोचत होतं. माईंचे डोळे खरोखर भरले होते. बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. तरीही काचेपलीकडे जे चाललं होतं त्यातलं काहीतरी मोठं त्या वाक्यातून सुटून गेलं होतं, आणि ते काय, हे मला धरता येत नव्हतं.

दादाची खाऱ्या पाण्याची टाकी हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे पाणी फिरवणं, गाळणं, त्यात हवा सोडणं त्याच्या हाताला सवयीचं. झुआरीच्या मुखाशी जाळी टाकणारे ओळखीचे होडीवाले, बाजारात न चालणारं पण जिवंत असं काही जाळ्यात आलं, तर त्याच्याकडे आणून देतात. ही मादी अर्ध्या करवंटीत बसलेली, तशीच बादलीतून आली. अंगावर तपकिरी रंग, हातांवर शिरांचं काळसर जाळं आणि त्याच्या कडेने फिकट शोषकांच्या रांगा. करवंटीत राहणाऱ्या या ऑक्टोपसचं शास्त्रीय नाव अँफिओक्टोपस मार्जिनेटस. इंडोनेशियाच्या समुद्रात हे प्राणी रिकाम्या करवंट्या पोटाशी धरून, ताठ हातांवर तोल सावरत चालत नेतात आणि धोका दिसला की त्यात शिरून बसतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा कणा नसलेला प्राणी साधन वापरतो यावर जगभर चर्चा झाली. गोव्याच्या समुद्रात तर करवंट्यांना तोटाच नाही. दादाने टाकीत आणखी दोन ठेवल्या. तिने त्या सगळ्या हाताळून बघितल्या आणि स्वतःबरोबर आलेलीच ठेवली.

तिच्यासाठी घरात बरंच बदललं. झाकणावर जाड काच आणि त्यावर चिऱ्याचा दगड आला, कारण ऑक्टोपसच्या अंगात कठीण असते ती फक्त चोच; चोच जिथून जाते तिथून बाकीचं अंग जातं. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून एक ऑक्टोपस सांडपाण्याच्या नळातून समुद्रात निघून गेला, ती बातमी भाचीने छापून भिंतीला लावली. आजीचा तांब्याचा हंडा त्या खोलीतून हलवला. या प्राण्याच्या रक्तात लोहाच्या जागी तांबं असतं, म्हणून ते रक्त निळसर दिसतं. पण तेच तांबं पाण्यात थोडंसं जरी उतरलं तरी त्याला विष होतं. रोज सकाळी खारेपणा मोजायचा. हजारात ३५ भाग मीठ, त्याच्या आसपास काटा राहिला पाहिजे. पावसाळ्यात झुआरीचं पाणी इतकं गोडं होतं की ते भरून काही उपयोग नाही. म्हणून उन्हाळ्यातच भरतीच्या वेळी दूरवरून पाणी आणून काळ्या पिंपांत साठवायचं. हे सगळं बोलायला दादा. पिंपं घासायला, रात्री उठून हवेची नळी बघायला, वीज गेली की इन्व्हर्टरवर पंप लागला का हे पाहायला बहुतेक वेळा वहिनी. येणारे पाहुणे मात्र "काय छंद आहे हो दादांचा" असंच म्हणायचे.

माघात तिने अंडी घातली. मादी नराचं बीज अंगात बरेच दिवस सांभाळून ठेवू शकते, त्यामुळे टाकीत नर नसूनही हे घडलं. करवंटीच्या छताला तिने अंड्यांच्या माळा चिकटवल्या. एकेक अंडं तांदळाच्या कणीएवढं, पांढरट, बारीक देठाला धरलेलं, आणि अशी हजारो. मी शनिवारी जायची आणि रात्री उशिरापर्यंत टाकीपुढे बसायची, बॅटरीला लाल कागद लावून. लाल उजेड त्यांना जाणवत नाही, म्हणून ती माझ्या असण्याची पर्वा न करता आपलं चालू ठेवायची. आणि तिचं चालूच असायचं. हाताचं टोक एका माळेत शिरायचं, अंड्याअंड्यावरून शोषक फिरायचे, देठापर्यंत जायचे, पुढच्या माळेकडे वळायचे. तोवर दुसरा हात मागच्या बाजूला पोचलेला असायचा. मध्येच ती नळीसारख्या मुखातून पाणी फुंकायची आणि सगळ्या माळा एकदम हलायच्या. त्या फुंकरीने अंड्यांना ताजं पाणी मिळतं, गाळ बसत नाही, बुरशी धरत नाही. एखादं अंडं मेलं की ती ते खुडून बाहेर टाकायची. एका बाजूच्या माळा उजेडाकडे होत्या, त्यांच्यावर हिरवट थर धरायचा. त्या ती जास्त वेळ पुसायची. हे सगळं कुणी दाखवलेलं नाही. तिची आई ती अंड्यातून बाहेर येईपर्यंतच होती.

हात थांबत नव्हते.

तेव्हा मला माईंचं वाक्य पुन्हा आठवलं आणि त्यातलं काय सुटलं होतं ते दिसलं. माईंनी तिची भूक पाहिली होती. काम पाहिलं नव्हतं. मीही तोपर्यंत परत आलेल्या कुर्लीकडेच बघत होते, कारण उपास नजरेत भरतो. पाणी फुंकणं नजरेत भरत नाही.

आणि उपास तिने ठरवलेलाही नाही. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातले जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऑक्टोपसच्या डोळ्यांमागे दोन लहान ग्रंथी असतात. अंडी उबवणाऱ्या माद्यांच्या त्या ग्रंथी काढल्या, तर माद्यांनी अंड्यांकडे पाठ फिरवली, पुन्हा शिकार सुरू केली, वजन वाढलं आणि त्या बऱ्याच जास्त जगल्या. म्हणजे न खाणं आणि मरणं हे त्या ग्रंथींच्या रसांतून येतं. हे वाचून मला आधी वाईट वाटलं, तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्यागत. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. तिने त्याग केला म्हणून तिच्यापुढे हात जोडायची गरज उरली नाही. जे ती करत होती ते नुसतं बघता येऊ लागलं. कॅलिफोर्नियाजवळ माँटेरीच्या खोल दरीत एक मादी एकाच कड्यावर, त्याच अंड्यांवर ५३ महिने बसलेली शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली. जवळपास साडेचार वर्षं. तिथलं पाणी तीन अंशांच्या आसपास गार, म्हणून अंडी पिकायला इतका काळ. ही गोष्ट सांगताना सगळे तिच्या उपाशी राहण्याने हेलावतात. माझ्या मनात येतं, त्या अंधारात साडेचार वर्षं फुंकरी किती घातल्या असतील.

आईच्या बाराव्याला फोंड्याच्या घरी माणसं जमली होती. प्रत्येकाकडे एकच आठवण. सगळ्यांना वाढल्याशिवाय ती पानावर बसली नाही. मावशी, काकू, शेजारी, माझ्या शाळेतल्या बाई, सगळ्यांनी तेच सांगितलं आणि सांगताना हात छातीशी नेला. ते खरंच होतं. आई भाताच्या टोपाच्या तळाशी जे उरेल ते खायची आणि त्याबद्दल तिने कधी काही म्हटलं नाही. पण त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही की मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, सगळी जबाबदारी तिच्यावर असायची. सोलं, म्हणजे कोकमाची सालं, वाळत घालायची, त्यांना आगळाचे, कोकमाच्या रसाचे, हात द्यायचे, पुन्हा वाळवायची. सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी), चिंच, मिठाच्या पाण्यातली तोरं (कोवळ्या कैऱ्या). आभाळ भरून आलं की अंगणभर पसरलेलं सगळं किती वेळात आत येतं हे तिला अचूक माहीत होतं, आणि कुणाला कोणतं सूप उचलायचं हे ती स्वयंपाकघरातूनच सांगायची. आदोळीवर (विळीवर) तिसऱ्यो, म्हणजे शिंपल्या, फोडायला बसली की मांस एका शिंपल्यात ठेवून दुसरी शिंपली बाजूला टाकायची, नजर आमच्या अभ्यासाकडे, आणि बोटाला कधी धार लागली नाही. तिच्या हातांना सोलांचा आणि खवलेल्या नारळाचा वास यायचा. साबणानेही तो पूर्ण जायचा नाही. हे हुन्नर होतं. लोकांनी तिच्या भुकेचं कौतुक केलं आणि हुन्नर तिच्याबरोबरच गेलं, कारण कुणी ते मागून घेतलं नाही.

शेवटच्या महिन्यांत ती पेजेची वाटी बोटांनी हलकेच परत सारायची. मला राग यायचा. हट्ट वाटायचा. डॉक्टर म्हणाले, शरीरच आता मागत नाही. ते तेव्हा पटलं नव्हतं. शिरदोणच्या त्या खोलीत, कुर्ली काचेपर्यंत ढकलली जाताना बघून, माझ्या मनातला तो राग पहिल्यांदा सैल झाला. तो पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

अंड्यांत डोळे दिसायला लागले तेव्हा पिल्लं जवळ आल्याचं कळलं. प्रत्येक कणीत दोन गडद ठिपके. पिल्लू अंड्यात आपली बाजू बदलतं, डोकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं, हेही भिंगातून दिसलं. शिगम्याचे दिवस होते, गावात ढोल-ताशे वाजत होते, आणि रात्री उशिरा ती फुंकत असतानाच माळांमधून पिल्लं सुटायला लागली. धुरासारखी नाही, दाणेदार. प्रत्येक आपापल्या झटक्याने वर जाणारं. दोन-तीन मिलिमीटरचा पारदर्शक जीव, अंगावर मोजता येतील इतकेच रंगाचे ठिपके, तेही उघडझाप करणारे. आखूड हात, प्रत्येकावर थोडेसे शोषक. एक पिल्लू नळीच्या तोंडाशी आलं आणि दचकून त्याने शाई सोडली, ठिपक्याएवढी. जन्माला येऊन काही मिनिटंही झाली नव्हती. भाची हात तोंडावर ठेवून उभी होती. मादी पहाटेपर्यंत रिकाम्या होत चाललेल्या माळांवर फुंकत राहिली. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिचा रंग उतरला, त्वचा पांढरी पडली, आणि मग ती गेली.

ऑक्टोपसच्या जातींमध्ये दोन तऱ्हा आहेत. काही जाती थोडी आणि मोठी अंडी घालतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस त्यातला. त्यांची पिल्लं जन्मतःच तळाला बसतात, बारीक जिवंत कोळंबी पकडतात, आणि घरच्या टाकीत वाढवता येतात. फक्त एकमेकांना खाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी द्यावी लागते. आमची जात दुसऱ्या तऱ्हेची. अंडी हजारो, पिल्लं इवलीशी, आणि तळाला बसण्याआधी ती काही आठवडे पाण्याच्या प्रवाहाबरोबर तरंगत शिकार करत जगतात. ते आठवडे पार करून देणं हे प्रयोगशाळांनाही जड गेलेलं काम आहे. जपानी संशोधकांनी १९६३ मध्ये ऑक्टोपसची तरंगती पिल्लं तळाला बसेपर्यंत वाढवली, ती कोळंबीच्या अळ्या खायला घालून. त्यानंतरही हे सहज जमणारं झालं नाही. म्हणून दादाने आधीच ठरवलं होतं: बहुतेक पिल्लं त्याच रात्री समुद्रात, थोडी घरी. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही झाकलेल्या बादल्या घेऊन खडकांपलीकडे गुडघाभर पाण्यात गेलो, बादल्या तिरप्या करून पाण्याखाली धरल्या आणि ती आपोआप निघून जाऊ दिली. ओतली नाहीत. ओतलं की हवेचा बुडबुडा त्यांच्या अंगातल्या पोकळीत अडकतो आणि ती वर तरंगून मरतात.

घरी ठेवलेल्यांसाठी गोल टब, कारण कोपऱ्यात ती आपटत राहतात. टबाच्या भिंती काळ्या, म्हणजे उजेडाकडे धावून ती काठाला घासत नाहीत. हवा इतकी मंद की पाणी जेमतेम फिरावं. आणि खाणं जिवंत, त्यांच्या हातात मावेल एवढं, हलणारं. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडी दुकानात मिळतात, एका दिवसात फुटतात, पण नुसत्या आर्टेमियावर ही पिल्लं तग धरत नाहीत. त्यात त्यांना लागणारी चरबी अपुरी असते, म्हणून आर्टेमियाला आधी ती खाऊ घालावी लागते. सगळ्यात चांगलं खाणं म्हणजे कुर्लीची पाण्यात तरंगणारी अळी, झोएआ. त्यासाठी पोटाखाली अंड्यांचा पुंजका घेतलेली कुर्ली हवी. मंडूरच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारावर) रात्री ओहोटीला जाळं लावणारे एक काका ओळखीचे निघाले. त्यांनी अशा कुर्ल्या बाजूला काढून ठेवल्या. पुंजका नारिंगी असेल तर अजून वेळ आहे, काळपट झाला की दोन दिवसांत अळ्या सुटणार, हे त्यांनीच शिकवलं. पुस्तकात हे मला कुठे इतकं स्वच्छ सापडलं नव्हतं.

पिल्लू शिकार करतं ते पाहण्यासाठी मी रजा काढली. टबात झोएआ सोडल्या की काही क्षण काहीच होत नाही. मग एखादं पिल्लू जागच्या जागी थांबतं, हात एकत्र करून टोकदार करतं, दोन्ही डोळे पुढे आणतं आणि झेप घेतं. बहुतेक वेळा चुकतं. पुन्हा थांबतं. अळी हाताला लागली की सगळे ठिपके एकदम गडद होतात. त्यानंतर ते अळी धरूनच तरंगत राहतं, आणि शेवटी रिकामं पारदर्शक कवच सोडून देतं. भाची ती कवचं पिपेटने उचलून वहीत नोंद करायची, कोणत्या टबात किती. सकाळी मेलेली पिल्लंही तिनेच मोजली. मला ते जमत नव्हतं. आकडे रोज खाली येत गेले. पाणी बदलणं, तळ साफ करणं, जुन्या अळ्या काढणं, नव्या सोडणं, खारेपणा, उष्णता, पुन्हा पाणी. वहिनी पहाटेची पाळी करायची, मी रात्रीची. एका रात्री टब ओढून ओढून तिचे हात सुजले होते, आणि ती म्हणाली, "ती एकटी हे कसं करत होती ग, आठ हात असले म्हणून काय झालं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघी थोडा वेळ टबाकाठी बसून राहिलो आणि मग पुढचा टब घेतला.

त्यातली काही दोन आठवड्यांपुढे गेली. वाढलीही, हातांवर नवे शोषक दिसू लागले होते. मग तीही गेली. तळाला एकही बसलं नाही.

कुणी विचारतं, जमलं असतं तर? यावर माझं मन एका बाजूला राहत नाही. आमच्या घरी पिल्लं तगली असती तर मी आनंदाने रडले असते. पण हीच कला पूर्ण साधली की तिचा कारखाना होतो, हेही दिसतं. स्पेनमधल्या एका कंपनीने कॅनरी बेटांवर खाण्यासाठी ऑक्टोपस पाळायचा मोठा प्रकल्प मांडला होता. एकट्याने राहणारा, हुशार, पन्नास कोटींच्या आसपास मज्जापेशींचा आणि त्यातल्या बऱ्याचशा हातांतच असलेला हा प्राणी, गर्दीच्या टाक्यांत. २०२४ मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी अशा शेतीवर बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात त्याला सुखदुःख जाणवणाऱ्या प्राण्यांत धरलं. मला हे निर्णय योग्य वाटतात, आणि ज्यांनी एक रात्र टबाशी काढली आहे त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता पावसाआधी दादाने मागच्या पडवीत एक वेगळा टब मांडला आहे, फक्त कुर्ल्यांच्या अळ्यांसाठी. काळा पुंजका, नारिंगी पुंजका, तारीख, पाणी, असं सगळं भाचीच्या वहीत चालू आहे. त्या टबात अळ्या सलग मिळतात असं झाल्याशिवाय एकही पिल्लू घरी ठेवायचं नाही, हे आमचं ठरलं आहे; पुन्हा एखादी मादी करवंटीसकट आलीच आणि तिने अंडी घातली, तर सगळीच्या सगळी समुद्रात. होडीवाल्यांनाही तसं सांगितलं आहे. वहीच्या पहिल्या पानावर पाळ्यांचा तक्ता आहे. त्यात पहाटेच्या रकान्यात आता दादाचंही नाव आहे. ते वहिनीने स्वतः लिहिलं.